ओरिजिनल आहे का?

तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही फोटो स्टुडिओत हा प्रसंग वरचेवर घडतो. घरातले कुणी गेलेले असते. दहाव्याच्या आत हार घालायला फ्रेम हवी असते. पुतण्या किंवा जावई येतो, मोबाइल पुढे करतो आणि व्हॉट्सअॅपवर आलेला एक फोटो दाखवतो. कुणाच्या तरी लग्नातला, मागे मांडव, शेजारी चार माणसे. स्टुडिओवाला फोटो मोठा करून बघतो आणि पहिला प्रश्न विचारतो, 'ओरिजिनल आहे का?' उत्तर ठरलेले असते, 'हाच आहे, दादा.'

12 बाय 18 इंचाची फ्रेम नीट छापायची तर इंचाला 300 ठिपके या हिशेबाने 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवरून साध्या दर्जात आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलची असते. त्यातून चार माणसे वगळून एकच चेहरा काढायचा, म्हणजे हाताशी उरतात तीनचारशे पिक्सेल. ज्या कॅमेऱ्याने तो फोटो काढला त्यात तो यापेक्षा कितीतरी मोठा होता. पण तो फोन विकला गेला, कार्ड फॉरमॅट झाले. स्टुडिओवाला मग त्याला जमेल ते करतो. कटआउट काढतो, मागे निळा किंवा पांढरा पडदा टाकतो, चेहरा शार्प करतो. घरचे लोक फ्रेम घेऊन जातात आणि पुढची तीस वर्षे तोच चेहरा भिंतीवर राहतो.

फोटो आणि व्हिडिओच्या एडिटिंगवर आज मराठीत भरपूर सांगितले जाते. कुठले बटण कुठे आहे, आकाश एका क्लिकवर कसे बदलायचे, रीलला कुठला इफेक्ट लावायचा. त्यातले बरेचसे उपयोगाचेही असते. पण स्टुडिओवाल्याचा तो पहिला प्रश्न या सगळ्या धांदलीत मागे पडतो, आणि माझ्या मते एडिटिंगचे शहाणपण त्याच प्रश्नात आहे. साधन कुठलेही घ्या, फुकटचे किंवा महागडे. ते मुळाला हात लावते की मूळ बाजूला ठेवून काम करते, हे आधी बघा.

सिनेमाच्या माणसांना हे संगणक येण्याच्या फार आधीपासून ठाऊक होते. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथल्या कित्येक पिढ्या स्टीनबेक या संकलन-यंत्राच्या टेबलावर एडिटिंग शिकल्या. 'जाने भी दो यारो' आणि 'परिंदा'च्या संकलक रेणू सलुजा याच संस्थेतल्या. त्या टेबलावर कात्री आणि चिकटपट्टी घेऊन फिल्म खरोखर कापली जायची, पण कापली जायची ती निगेटिव्ह नव्हे. निगेटिव्हवरून एक पॉझिटिव्ह प्रत काढायची, तिला रशेस म्हणत. ती हवी तशी कापा, जोडा, ओरखडे पाडा, शॉट दहा वेळा पुढेमागे करा. मूळ निगेटिव्ह लॅबमध्ये डब्यात बंद असायची. फिल्मच्या कडेला छापलेले आकडे दोन्हीकडे सारखे असत. संकलन कायम झाले की त्या आकड्यांवरून निगेटिव्ह कटर एकदाच, हातमोजे घालून, निगेटिव्हला कात्री लावायचा. तिथे चूक झाली तर फ्रेम कायमची गेली. म्हणून संकलकाचे सगळे प्रयोग प्रतीवर चालायचे.

संगणकावरचे व्हिडिओ एडिटिंग याच कल्पनेवर उभे राहिले. टाइमलाइनवर तुम्ही क्लिप कापता तेव्हा हार्ड डिस्कवरची फाईल कापली जात नाही. अमुक फाईलच्या अमुक सेकंदापासून तमुक सेकंदापर्यंत दाखव, एवढी नोंद प्रोजेक्टमध्ये होते. संकलक वॉल्टर मर्च यांनी 'द इंग्लिश पेशंट' अॅव्हिडवर पुरा केला आणि डिजिटल यंत्रावर संकलित झालेल्या चित्रपटाला संकलनाचे ऑस्कर पहिल्यांदा मिळाले. चित्रपट 1996 चा. आता आपला स्वस्त लॅपटॉप फोर-के फुटेज चालवताना धापा टाकतो तेव्हा करायचा उपाय म्हणजे प्रॉक्सी, आणि तो जुन्या रशेसचाच अवतार आहे. सॉफ्टवेअरला प्रत्येक क्लिपची 720 पिक्सेल उंचीची हलकी प्रत बनवायला सांगायची, तिच्यावर काम करायचे, आणि शेवटी एक्स्पोर्टच्या वेळी मूळ क्लिप वापरली जाते. दा विंची रिझॉल्व्ह, प्रीमियर, केडेनलाइव्ह, शॉटकट या चारही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. नवा लॅपटॉप घ्यायला निघालेल्यांनी आधी एकदा प्रॉक्सी करून बघावी.

फोटोच्या बाबतीत मात्र गाडी उलटी सुरू झाली. मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस नोल यांनी 1987 मध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. भाऊ जॉन इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमध्ये, म्हणजे हॉलिवूडच्या ट्रिक फोटोग्राफीच्या कारखान्यात, कामाला होता. दोघांनी मिळून तो वाढवला, अडोबीने घेतला आणि फेब्रुवारी 1990 मध्ये फोटोशॉप बाजारात आले. त्या पहिल्या आवृत्तीत लेयर नव्हते. एका फोटोवर दुसरा चिकटवला की खालचे पिक्सेल गेले. लेयर आले 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत. अॅडजस्टमेंट लेयर, म्हणजे फोटोला न शिवता वरून रंग-उजेड बदलणारा थर, 1996 मध्ये. अनेक पावले मागे जायची सोय 1998 मध्ये. मूळ फोटो आत जपून ठेवणारा स्मार्ट ऑब्जेक्ट 2005 मध्ये. प्रत्येक सुधारणेची दिशा एकच होती, मूळ पिक्सेल शाबूत ठेवायचे. फोटोशॉप उघडताना झळकणाऱ्या नावांच्या यादीत सीतारामन नारायणन हे नाव आपल्याकडच्या कित्येक मुलांनी वाचले आणि आपला एक माणूस तिथे आहे म्हणून अभिमान बाळगला. त्या यादीतल्या माणसांनी इतकी वर्षे खपून केलेले काम हे होते.

आपल्याकडे फोटोशॉप पसरले ते डीटीपीच्या दुकानांतून, आणि त्यातही सातवी आवृत्ती, 2002 ची. पत्रिका, फ्लेक्स, पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, सगळे तिच्यावर. अजूनही ती चालवणारी दुकाने आहेत. तिच्यावर हात बसलेल्या माणसांचा वेग थक्क करणारा असतो. पण त्याच वेगाने एक सवय लावली. जेपीजी उघडायची, बॅकग्राउंड लेयरवरच लेव्हल्स मारायच्या, कंट्रोल-एस दाबायचे, बंद करायचे. गिऱ्हाईक परत आले आणि 'जरा जास्तच उजळ झालाय' म्हणाले की तीच फाईल पुन्हा उघडायची.

यात नुकसान दुहेरी आहे. जेपीजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून, डोळ्याला सहसा न दिसणारा तपशील टाकून देते. बदल करून प्रत्येक वेळी सेव्ह केले की आणखी थोडा तपशील जातो. दुसरे असे की जेपीजीत प्रत्येक रंगाच्या फक्त 256 पायऱ्या असतात. कॅमेऱ्याच्या रॉ फाईलमध्ये 14 बिटला 16,384 असतात. नवरीच्या पांढऱ्या शालूवर दुपारचे ऊन पडले आणि शालू नुसता पांढरा डाग दिसू लागला, तर जेपीजीत तो डागच राहतो. रॉमध्ये हायलाइटची पट्टी खाली ओढली की बहुतेक वेळा जरीचे काठ आणि बुट्टे परत दिसू लागतात, कारण ती माहिती कॅमेऱ्याने टिपलेली होती. रॉ फाईलमधले टिपलेले चित्र सॉफ्टवेअर सहसा बदलत नाही. लाइटरूम असो की फुकट मिळणारी डार्कटेबल आणि रॉथेरपी, तुमचे सगळे बदल ही सॉफ्टवेअरे शेजारी नुसती नोंदवून ठेवतात. दहा वर्षांनी तीच फाईल उघडून वेगळ्या नजरेने पुन्हा धुता येते. 'फोटो धुणे' हा आपला जुना शब्दप्रयोग इथे अगदी चपखल बसतो.

ज्यांना अडोबीचे मासिक भाडे परवडत नाही, ते अजून क्रॅक केलेली प्रत पेनड्राइव्हवरून घेतात. ती वाट सोडा, असे मी कळकळीने सांगेन. क्रॅकबरोबर येणाऱ्या व्हायरसने अल्बमच्या फाइली कुलूपबंद केल्या, तर गिऱ्हाइकाला तोंड दाखवायला जागा राहत नाही, आणि आता त्याची गरजही उरलेली नाही. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी 1995 मध्ये सुरू केलेल्या गिम्पची तिसरी मोठी आवृत्ती मार्च 2025 मध्ये आली. तिच्यात फिल्टर लावूनही खालचा फोटो तसाच राहतो आणि फिल्टर नंतर बदलता किंवा काढता येतो. गिम्पची ही उणीव वर्षानुवर्षे बोलली जात होती.

व्हिडिओत तर चित्र पार पालटले आहे. दा विंची हे नाव एकेकाळी रंगसंगती करणाऱ्या लाखो डॉलरच्या यंत्राचे होते आणि मोठ्या लॅबखेरीज ते कुणाकडे नसायचे. 2009 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने ते बनवणारी कंपनी घेतली, सॉफ्टवेअर वेगळे काढले आणि 2011 मध्ये त्याची फुकट आवृत्तीही दिली. पुढे त्यातच संकलन आणि ध्वनी यांची दालने आली. त्याला बरे ग्राफिक्स कार्ड आणि 16 जीबी रॅम लागते. साध्या संगणकावर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह बरे चालते. 'पॅरासाइट' हा ऑस्करविजेता कोरियन चित्रपट संकलक यांग जिन-मो यांनी फायनल कट प्रो 7 वर कापला. ते सॉफ्टवेअर अॅपलने तोवर कधीच बंद केले होते. लाटव्हियाचा 'फ्लो' पूर्णपणे ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरवर बनला आणि 2025 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. हाताला जे साधन पक्के बसले आहे ते नवे आले म्हणून टाकू नये, आणि पैसे नाहीत म्हणून कुणी अडूनही बसू नये.

आता लग्नाच्या मिक्सिंगकडे येतो. आपल्याकडच्या एडिटिंगचा सगळ्यात मोठा कारखाना तोच आहे. खेड्यापाड्यांत व्हिडिओ एडिटिंगला आजही 'मिक्सिंग' म्हणतात. कॅसेटच्या काळात दोन व्हीसीआर आणि मिक्सर जोडून ते चालायचे, तेव्हाचा हा शब्द. तुलसीविवाहानंतर मुहूर्त सुरू झाले की मिक्सिंगवाल्यांच्या रात्री संगणकासमोर जातात. त्यांच्या कामातल्या तीन अडचणी मला वारंवार दिसतात आणि तिन्हींवर उपाय साधे आहेत.

पहिली, मोबाइलवर काढलेल्या क्लिपचा आवाज. क्लिप सुरुवातीला बरोबर असते, पण दहा मिनिटांनी ओठ आणि आवाज जुळत नाहीत. मोबाइल फ्रेम एकसारख्या गतीने टिपत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की गती कमीजास्त करतो. मीडियाइन्फो नावाच्या छोट्या फुकट प्रोग्रॅममध्ये क्लिप टाकली की फ्रेम रेट 'व्हेरिएबल' आहे का ते कळते. असेल तर शटर एन्कोडरमधून तिची स्थिर गतीची प्रत काढावी, टाइमलाइनवर ती घ्यावी आणि मूळ क्लिप फोल्डरमध्ये तशीच ठेवावी.

दुसरी, हॉलमधल्या दिव्यांचे पट्टे. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. फोन मुळात 30 फ्रेमवर आणि आपल्या मर्जीच्या शटरवर चालतो, म्हणून पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. 25 फ्रेम आणि एकपन्नासांश शटर ठेवले की ते बहुतेक वेळा जातात. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'पाल फॉरमॅट' दाखवण्याचे बटण त्यासाठीच आहे. शूटिंगच्या वेळी हे केले की मिक्सिंगच्या टेबलावर पट्टे काढण्यात रात्र जात नाही.

तिसरी अडचण यंत्राची नाही. 'नवरीला जरा उजळ करा.' हे वाक्य प्रत्येक स्टुडिओत ऐकू येते, आणि न सांगता करणारेही खूप आहेत. सावळी मुलगी अल्बममध्ये पिठूळ होऊन बसते. मान एका रंगाची, हात दुसऱ्या, मेंदी करडी, हळद फिकी. रिझॉल्व्हमध्ये किंवा प्रीमियरमध्ये व्हेक्टरस्कोप उघडून बघा. त्या गोल तक्त्यावर मध्यापासून वर डावीकडे जाणारी एक रेषा असते, त्वचेच्या रंगाची. चेहऱ्यापुरता मास्क करून तक्ता पाहिला तर गोरा, गव्हाळ, सावळा, काळा, सगळ्यांचे ठिपके त्याच रेषेच्या आसपास पडतात. त्वचेखाली सगळ्यांचे रक्त सारखेच, त्यामुळे रंगाची जात एक असते. फरक असतो तो उजेडाचा आणि गडदपणाचा. म्हणून दुरुस्ती करायची ती ट्यूबलाइटने हिरवट किंवा एलईडीने जांभळट झालेला चेहरा त्या रेषेवर परत आणण्यापुरती. त्यानंतर सावळा चेहरा सावळाच ठेवा. नीट उजेडात, रेषेवर बसवलेला सावळा रंग इतका देखणा दिसतो की घरचे लोक हरकत घेत नाहीत, हे असे काम करणारे एडिटर सांगतात. वीस वर्षांनी त्या बाईच्या मुलीने अल्बम उघडला तर तिला तिची आई दिसायला हवी.

टायटलमधल्या देवनागरीची एक वेगळीच रड आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडच्या नियमाने साठवलेला नसतो. दुसऱ्या संगणकावर फाँट नसला की 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये टाइप करावे तर फोटोशॉपमध्ये 'चि.'ची वेलांटी च नंतर जाऊन बसते आणि 'श्री'चा पाय मोडतो. कित्येकजण कंटाळून पुन्हा जुन्या फाँटकडे वळतात. उपाय एका सेटिंगचा आहे. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' किंवा 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' हा पर्याय निवडायचा. प्रीमियरमध्ये ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये तसाच पर्याय आहे. गिम्पमध्ये काहीच करावे लागत नाही, जोडाक्षरे आपोआप नीट बसतात. फाँट म्हणाल तर मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू फुकट मिळतात, व्यावसायिक कामालाही चालतात, आणि त्यांत मराठीची जोडाक्षरे मनापासून घडवलेली आहेत.

राहता राहिला एआय, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे. 2023 पासून फोटोशॉपमध्येच शब्द लिहून चित्राचा भाग भरून घेता येतो. जुने फोटो स्वच्छ करून, रंगीत करून देणारी अॅप तर घरोघरी पोचली आहेत. रॉ फोटोतले दाणे काढण्यासाठी एआय उत्तम आहे. लाइटरूम ते करतानाही मूळ फाईलला हात लावत नाही, म्हणजे रीतही चांगली आहे. पण आजीच्या 1950 सालच्या पुसट फोटोवर चेहरा उजळणारे यंत्र चालवले की ते जे नाही ते भरते. लाखो परक्या चेहऱ्यांवर शिकलेल्या यंत्राने केलेला तो अंदाज असतो. डोळे टपोरे होतात, दात सरळ होतात, देवीचे व्रण जातात. नथीतल्या मोत्यांची मांडणी, कपाळावरची आडवी चिरी आणि लुगड्याचे काठ यांची त्याला काही माहिती नसते. जे उमटते ते स्पष्ट असते, म्हणून पटते, आणि चार वर्षांत घरात तोच खरा फोटो ठरतो. फोटोतल्या फेरफाराचा चटका बातमीच्या जगाने एआयच्या आधीच घेतला. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत 2015 साली अंतिमच्या आधीच्या फेरीत पोचलेल्या फोटोंपैकी 20 टक्के बाद झाले, कारण परीक्षकांनी मूळ फाइली मागवून ताडून पाहिल्या. घरात असे परीक्षक कोण बसवणार? म्हणून नियम एवढाच करावा, एआयने केलेल्या प्रतीच्या फाईलच्या नावातच तसे लिहावे आणि स्कॅन केलेला मूळ फोटो तिच्या शेजारीच ठेवावा.

मूळ गेले की काय होते हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चे, 1913 च्या त्या चित्रपटाचे, आज काही तुकडेच शिल्लक आहेत. 'आलम आरा'ची एकही प्रत उरली नाही. पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तरी जानेवारी 2003 मध्ये तिथल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत नायट्रेट फिल्मची रिळे जळून गेली. संस्था असूनही हे घडते. आपल्या घरातल्या लग्नाच्या कॅसेटी आणि डीव्हीडी तर कपाटावर धूळ खात पडलेल्या असतात. कॅसेटवर बुरशी चढते, घरी लिहिलेल्या डीव्हीडीचा रंगथर उडतो आणि त्या वाचणारी यंत्रे दुकानांतून दिसेनाशी झाली आहेत.

डीव्हीडी अजून चालत असेल तर काम घरी होते. फोल्डर जसेच्या तसे हार्ड डिस्कवर उतरवा, किंवा मेकएमकेव्हीने पुन्हा न दाबता एकच फाईल करा. तुकडे पाडायचे तर लॉसलेसकट वापरा, तेही दर्जा न घालवता कापते. कॅसेट स्टुडिओत द्यायची असेल तर दोन फाइली मागा. एक कॅसेटवर आहे तशी, सेकंदाला 25 फ्रेम आणि प्रत्येक फ्रेममध्ये आडव्या ओळींचे दोन अर्धे असलेली, आणि दुसरी फोनवर बघायला त्या ओळी जुळवून केलेली. पहिली फाईल बघायला चांगली दिसत नाही म्हणून टाकू देऊ नका. ओळी जुळवण्याच्या पद्धती सुधारत जातात आणि त्यांना लागते ती पहिलीच फाईल. कागदी फोटो 600 डीपीआयला स्कॅन करा, टिफमध्ये साठवा आणि फोटोमागे कुणी नावे, तारीख लिहिली असेल तर मागची बाजूही स्कॅन करा. मग अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला हिशेब पाळा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, बहिणीकडे किंवा क्लाउडवर.

स्टुडिओ चालवणाऱ्यांना एक विनंती. पैसे चुकते झाल्यावर महिन्याभरात रॉ फाइली आणि मूळ फुटेज उडवण्याची पद्धत आहे. डिस्क महाग पडते, हे मान्य. पण उडवण्याआधी गिऱ्हाइकाला फोन करा आणि 'डिस्क आणून द्या, सगळे त्यात भरून देतो' एवढे सांगा. वाचकांनो, तुम्हीही अल्बम घेताना ओरिजिनल मागून घ्या. आणि घरच्या आवराआवरीत माळ्यावरून कॅसेटी, डीव्हीडी, निगेटिव्हच्या पाकिटांचे खोके खाली आले असेल, तर ते पुन्हा वर टाकू नका. स्टुडिओत घेऊन जा.